चित्र रबराचं, अक्षर हाताचं

९ जानेवारी

शाळेतून निवृत्त होऊन आठवडा झाला. आज चहा पिता पिता ह्यांनी विचारलं, "बाई, आता ओरडणार कुणावर?" जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, म्हणून घरातही मी बाईच. म्हटलं, तुम्ही आहात की.

निरोपाच्या वेळी बरोबरच्या शिक्षिकांनी एक कार्ड दिलं, हाताने केलेलं. वर रबराच्या ठशांनी उठवलेली पानं, आत सगळ्यांच्या सह्या. सह्या मी एकदा वाचल्या, पानं मात्र पुन्हा पुन्हा पाहिली. उजवीकडचं एक पान तिरकं पडलं होतं आणि घडी कडेला जुळत नव्हती. हे आपण याहून नीट करू, असं मनात आलं आणि दुपारभर तेच घोळत राहिलं. ही डायरी त्यासाठीच काढली. नवीन काही शिकताना नोंद ठेवावी, असं मी पोरांना सांगायची. त्यांनी कधी ऐकलं नाही, निदान मी तरी ऐकावं.

१५ जानेवारी

स्टेशनरीच्या दुकानात रविवारी एक बाई कार्डं करायला शिकवतात. आज गेले होते. मला वाटलं होतं मोठं प्रकरण असेल, तर ते साध्या खोडरबरावर चालतं. चित्र ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढायचं, कागद पालथा करून खोडरबरावर ठेवायचा आणि नखाने घासायचा. चित्र उलटं उमटतं, म्हणजे ठसा सुलटा येतो. जे पांढरं राहायला हवं ते कोरून काढायचं. त्या बाई म्हणाल्या, "सुरुवातीला एक काळी शाई, एक खोडरबर आणि एक कोरणी घ्या. बाकीचं हात बसल्यावर."

मी सात रंगांची शाई, चार कोरण्या, जाड कागदाचा गठ्ठा आणि खोडरबरांचं आख्खं खोकं घेऊन आले. हे दारातच म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी पिशव्या उचलून आत नेल्या.

१८ जानेवारी

करायला गेले चिमणी, झाला बटाटा. तीन खोडरबरं वाया गेली. शिवाय माझा ठसा सारखा दुहेरी उमटतो. शाळेत निकालपत्रांवर शिक्के मारायची सवय, हात आपटल्याशिवाय समाधान होत नाही. ठसा दाबायचा असतो, ठोकायचा नसतो. ह्यांनी आतल्या खोलीतून विचारलं, "पोस्टात नोकरी लागली का?"

संध्याकाळी धाकटी खाली आली. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. भावजी गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटीच असते. मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात. जावाजावांचा उभा दावा म्हणतात. आमचा कधी उभा राहिला नाही, बसल्या बसल्या मात्र बराच चालला. स्वयंपाक तिचा चांगला, शिस्त माझी चांगली, असं आम्ही दोघी मनातल्या मनात धरून चालत आलो.

मी "शुभेच्छा" कोरायच्या खटपटीत होते. शिरोरेषा तीनदा तुटली. बारीक पट्टी ती, कोरणी जरा सरकली की अक्षरांचं छप्परच उडतं. धाकटीने ते पाहिलं आणि हसली. मग म्हणाली, "ताई, कशाला जिवाचा आटापिटा? चित्र रबराचं ठेवा, अक्षर हाताचं." आणि टेबलावरचा टाक उचलून तिने कागदावर लिहून दाखवलं. लहानपणी बोरूने गिरवलेलं अक्षर तिचं. आधी सगळी अक्षरं सुटी लिहिते, मग शेवटी एका दमात वरून शिरोरेषा ओढते. रेघ ओढताना श्वास धरते.

अक्षर शिकवायची मी, पण असं अक्षर मला कधी आलं नाही. इथे लिहायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी

कामाची वाटणी ठरली. कोरणं, छापणं, घडी घालणं माझ्याकडे. आतला मजकूर धाकटीकडे. घडीची युक्ती मीच शोधली: संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढायची, मग कागद त्या रेघेवर गुपचूप वाकतो. धाकटीला दाखवली तर म्हणाली, "अहो, हे त्या शिकवणाऱ्या बाईंनी नव्हतं का सांगितलं?" सांगितलं असेल.

दुपारी दोन ते पाच ती माझ्याकडे असते. अंगावर शाल घेऊन बसते आणि लिहीत नसली की उजवा हात शालीत. थंडी वाजते म्हणते. मला तर खिडकी उघडावीशी वाटते.

दिवस बरे जात आहेत. शाळा सुटल्यावर मला रिकामपण खायला उठेल अशी फार भीती वाटत होती. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

१२ मार्च

वाचनालयाच्या हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं, तिथे आम्हाला एक टेबल मिळालं. माझ्या चिमण्या आता चिमण्यांसारख्या दिसतात. तरी लोक कार्ड हातात घेत, चिमणी बघत आणि मग आत उघडून थांबत. एक बाई म्हणाल्या, "अक्षर बघून डोळे निवले हो. छापलंय का?" धाकटी लाजून म्हणाली, "हाताने." मी म्हटलं, "चिमणीही हाताचीच आहे." त्या बाई "हो का," म्हणाल्या.

भेटवस्तूंच्या दुकानाची मालकीण येऊन गेली. कार्डं दुकानात ठेवू म्हणाली, अट एकच, आतलं अक्षर हेच हवं.

परतताना धाकटी हळू चालत होती, मी दोनदा थांबले. तिने एक गोष्ट सांगितली. मुलगा सारखा मागे लागलाय, इकडचं आवरून माझ्याकडे राहायला ये. "तिथे नवव्या मजल्यावर बसून मी करू काय? ती दोघं कामाला जाणार, मी दाराकडे बघत बसणार, पार्सलसारखी. आता मी त्याला सांगितलंय, माझा धंदा आहे. काम सोडून कशी येऊ? गप्प बसला. ताई, जोवर हे कार्डांचं चालू आहे ना, तोवर तो मला हलवू शकत नाही."

मी म्हटलं, मग चालूच राहील. मला बरं वाटलं, इतकं की घरी आल्यावर चहा मीच केला.

६ एप्रिल

दुकानात कार्डं संपली, आणखी मागितली आहेत. पण धाकटीचं लक्ष नाही. ओळ सुरू होते नीट आणि शेवटाकडे जाता जाता अक्षर बारीक होत जातं. "वाढदिवसाच्या" ठसठशीत आणि "शुभेच्छा" मुंगीएवढी. म्हटलं, शाई वाचवतेस का? हसली. "मोठं लिही गं," मी म्हटलं. तिने पुढचं कार्ड मोठं लिहिलं, त्याच्या पुढचं पुन्हा लहान. शाळेतही अशी मुलं असत. सांगितलं की एक ओळ नीट, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

१४ एप्रिल

आता शिरोरेषा द्यायचीच विसरते. उघडीबोडकी अक्षरं. मी विचारलं तर म्हणाली, "आजकाल अशीच फॅशन आहे." फॅशन म्हणे. जिथे देते तिथे रेघ लाटेसारखी. मी रागावले. तिने टाक खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. हल्ली विनोद केला तरी तिचा चेहरा हलत नाही. मला वाटतं माझा कंटाळा आला असावा.

ती वर गेल्यावर मी वाईट कार्डं वेगळी काढली आणि कपाटात मागे ठेवली. तिला वाईट वाटायला नको.

१६ एप्रिल

तिला कपाटातली कार्डं सापडली. पट्टी शोधत होती. होती तशी परत ठेवली. जाताना म्हणाली, "ताई, उद्यापासून मी कार्डं वर नेऊन लिहीन. तुमच्यासमोर माझा हात चालत नाही."

हे मला झोंबलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू कार्डांवर मारतेस त्यापेक्षा माणसांवर जास्त शिक्के मारतेस. ही आळशी, तो धांदरट." मी म्हटलं, मी कुठे आळशी म्हटलं? म्हणाले, "तोंडाने नाही म्हटलंस."

४ मे

मोठं काम आलं आहे. परिचारिकांच्या शाळेतल्या सगळ्या मुली शिक्षण संपवून बाहेर पडत आहेत, प्रत्येकीला एकेक कार्ड. आत चार ओळी, त्यांनीच दिलेल्या. महिनाअखेरीला हवीत. दुकानाची मालकीण म्हणाली, हे नीट झालं तर दर वर्षी आपलंच. मी दिव्याचा ठसा कोरला, ज्योत वेगळ्या रंगात. आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम. छापून, घड्या घालून गठ्ठा वर पोचवला. धाकटीने गठ्ठ्याकडे बघून विचारलं, "चार ओळी? सगळ्यांत?"

१३ मे

दहाच कार्डं झाली. दहा. त्यांतली सहा देता येणार नाहीत.

वर गेले तर दाराला आतून कडी. हाक मारली, "आले आले" म्हणाली, पण दार उघडायला बराच वेळ लावला. चहाचा कप आडवा झालेला, बशीत, टेबलावर, सगळीकडे चहा. कार्डांवरही. म्हटलं, डोळे कुठे असतात तुझे? ती पुसायला लागली, तेही डाव्या हाताने, पसरवल्यासारखं. मीच फडकं घेतलं. बोलते तेही इतक्या हळू की दोनदा विचारावं लागतं. दोन वेळा विचारलं की "काही नाही" म्हणते.

मला झोप नीट लागत नाही. ज्या कामामुळे तिला इथे राहता येतंय तेच ती बिघडवते आहे. इतकं साधं कळू नये? शहाण्याला शब्दाचा मार, पण इथे शब्दांचा नुसता पाऊस पाडला तरी कोरडीच.

१९ मे

उपाय सापडला, आणि इतका सोपा की आधी का सुचला नाही याचं नवल वाटतं. बाजारात कार्यालयांचे शिक्के करून देणारा आहे. आपण अक्षराचा नमुना द्यायचा, तो यंत्रावर तसाच्या तसा रबराचा ठसा करून देतो. बारीक शिरोरेषासुद्धा तुटत नाही. धाकटीचंच अक्षर, जानेवारीतलं, सुंदर. एकदा ठसा झाला की ती सुटली आणि मीही.

मी घरातून दोन कागद नेले होते, एक जानेवारीतला, एक परवाचा. चुकून दोन्ही त्याच्या हातात गेले. त्याने विचारलं, "कुठल्या बाईंचं घ्यायचं?" मी म्हटलं, एकीचंच आहे दोन्ही. त्याने मोठ्या अक्षराचा कागद ठेवून घेतला.

२३ मे

ठसा आला. चार ओळींचा एक आणि "मनापासून शुभेच्छा" असा एक छोटा, कायमचा वापरता येईल असा. धाकटीला वर जाऊन दाखवला. मला वाटलं होतं खूश होईल. काम वेळेत होईल, चहा सांडला तरी चालेल, असं मी थोडं हसत म्हटलंही.

तिने कागदावर उमटवून पाहिला. बरोबर दाबला, एकदम स्वच्छ. मग बराच वेळ बघत राहिली.

"माझंच आहे ना हे?"

"तुझंच. जानेवारीतलं."

"छान होतं," ती म्हणाली.

मग विचारलं, "म्हणजे आता मला काही करायला नको?" मी म्हटलं, "हो, आता तुला आराम." हे मी चांगल्या मनाने म्हटलं. तिने ठसा माझ्या हातात परत दिला आणि भात लावायचाय म्हणाली. भाताची वेळ नव्हती.

२७ मे

कार्डं सगळी वेळेत पोचली. मालकीण म्हणाली, अप्रतिम. धाकटी चार दिवसांत एकदाही खाली आलेली नाही. जिन्यावर तिच्या चपला ओढल्यासारख्या वाजतात, त्या माझ्या दारापर्यंत येतात आणि परत जातात. रुसली आहे. रुसो. मी काय वाईट केलं? तिच्याच अक्षराला मान दिला. नाकापेक्षा मोती जड होऊन चालत नाही.

३० मे

आज राहवलं नाही, पुतण्याला फोन केला. आईशी बोल म्हटलं, काय झालंय तिला कोण जाणे. मग सुरुवात केली ती थांबेना. अक्षर मुंगीएवढं, रेघा वाकड्या, सांगितलेलं ऐकत नाही, चहा सांडते, चेहरा असा की भिंतीशी बोलतोय असं वाटावं.

तो आधी "हं, हं" करत होता. मग एकदम एकेक विचारायला लागला. "काकू, चहा कुठल्या हाताने सांडते? हात तिचा थरथरतो का, नुसता ठेवलेला असताना? चालताना दोन्ही हात हलतात का? अक्षर ओळीच्या सुरुवातीला मोठं असतं का?" मी सगळ्याची उत्तरं दिली. हात शालीत असतो, तेव्हा दिसत नाही म्हटलं. कधीपासून, तेही सांगितलं. बारकाईने बघायची मला सवय आहे, एकही गोष्ट सुटली नाही. शेवटी तो म्हणाला, "काकू, बरं झालं तू सांगितलंस. मी तिला तुझं नाव सांगणार नाही." मला वाटलं, यात लपवण्यासारखं काय आहे?

फोन ठेवला तेव्हा जिन्यातलं दार वाजलं. वारा असेल.

४ जून

पुतण्या काल आला. आज तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. परत आल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला, बायका बसतात तसा पाय आखडून. कंपवात आहे. दीड-दोन वर्षांपासून असेल म्हणाले. अक्षर बारीक होणं हे त्यात असतंच. चेहरा न हलणं, आवाज बारीक होणं, हेही. तिला स्वतःला कळलं होतं. तिने बाहेरच्या बाहेर एका डॉक्टरांना दाखवलंही होतं, मागच्या पावसाळ्यात. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की मुलगा घेऊन जाणार.

डॉक्टरांना तिच्या अक्षराचे जुने नमुने बघायचे आहेत, आहेत का, असं त्याने विचारलं. मी कपाटात मागे ठेवलेली ती वाईट कार्डं काढून दिली. कार्डांच्या पाठीवर मी तारखा टाकल्या होत्या, सवय म्हणून. त्याने ती टेबलावर ओळीने मांडली.  मला तोंड लपवावंसं वाटलं.

५ जून

शालीतला हात. कपाची बशी. श्वास धरून ओढलेली शिरोरेषा. रात्रभर हे एकेक पुढे येत होतं. एखाद्या पोराचं अक्षर बिघडलं की मी वर्गात विचारायची, घरी काही झालंय का रे? तिला मी एकदाही विचारलं नाही. म्हटलं काय, तर शाई वाचवतेस का.

ह्यांना विचारलं, तुमच्या लक्षात आलं होतं का? म्हणाले, "हळू बोलते एवढं आलं होतं. मला वाटलं, मलाच ऐकू येत नाही." मग म्हणाले, "तुझी चूक नाही." ते दयेने म्हणाले, आणि दया त्यांना नीट जमत नाही.

८ जून

धाकटी जाणार. रविवारी. पुतण्याशी मी बोलले: इथेच राहू दे, मी बघेन, वर-खाली करेन, औषधं देईन. तो म्हणाला, "काकू, उद्या जिन्यावरून पडली तर? आणि ती इथे करणार काय? कार्डांचं तर आता ठशाने होतं, तूच म्हणालीस." मी तसं म्हणाले होते, फोनवर, फुशारकीने.

१० जून

तिच्या सामानाची बांधाबांध करायला वर गेले.  साड्यांच्या घड्या मी घालत होते, ती बघत होती. एकदा म्हणाली, "तुमच्या घड्या नेहमी सरळ." मग टाक आणि दौत मी कागदात गुंडाळून बॅगेत ठेवायला लागले, तर म्हणाली, "ते राहू द्या ताई, तुम्हालाच लागेल." मला लागणार नाही, तिलाही ठाऊक आहे. मी तो बॅगेत ठेवला. तिने काढून टेबलावर ठेवला. मी पुन्हा नाही ठेवला.

मला म्हणायचं होतं, मला माफ कर. तोंडातून आलं, "औषधं हातपिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको."

११ जून

गेली. गाडीत बसताना तिला पाय उचलायला वेळ लागला. मुलगा "आई, सावकाश" म्हणाला. मीही तेच म्हणणार होते, पण माझा आवाज रागावल्यासारखा येतो म्हणून गप्प बसले.

२ जुलै

दुकानातून दर आठवड्याला मागणी येते. मी दुपारी दोनला बसते. चिमण्या, पानं, दिवे. मग कार्ड उघडायचं, ठसा शाईला लावायचा आणि आत दाबायचा. मनापासून शुभेच्छा. हात आता अजिबात आपटत नाही. ठसा इतका स्वच्छ उमटतो की वाटावं आत्ताच कुणी लिहून उठलं. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दुकानात माझ्यासमोर म्हणाली, "काय वळण आहे हो अक्षराला, तुमचं का?" मी म्हटलं, जावेचं. ती म्हणाली, "त्यांना सांगा माझ्याकडून." सांगते म्हटलं.

घरी आल्यावर मी स्वतः लिहून बघितलं. बाईंचं अक्षर, फळ्यावरचं. वाचता येतं, एवढंच. दोन दिवस तसंच लिहून कार्डं दिली. मालकीणबाईंनी गोड बोलून परत पाठवली.

२० जुलै

काही नाही. वरच्या खोल्या झाडून आले. महिनाभर चपलांचा आवाज नाही, तरी दोनला माझे कान जिन्याकडेच.

९ ऑगस्ट

आज धाकटीचा फोन आला. आपणहून केला, पहिल्यांदाच. आवाज फार बारीक झालाय, फोन कानाला अगदी दाबून धरला तेव्हा कळलं. औषधाने हात बरा आहे म्हणाली. रोज एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. वहीत दोन रेघा आखून देते आणि त्यांना टेकतील एवढी अक्षरं काढायला लावते. सारखी म्हणते, आजी, मोठं लिहा, मोठं लिहा.

"मी तिला म्हटलं, हे तर आमच्या ताई फुकटात सांगायच्या."

दोघी हसलो. किती दिवसांनी हसलो. मग मी विचारलं, दुपारी काय करतेस? "दाराकडे बघते," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

 मग ती म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं होतं. तो ठसा तुम्ही आणलात ना, तेव्हा मला फार लागलं. वाटलं, यांना माझी गरज संपली. इथे आल्यावर बसून बसून विचार केला, मग उमगलं. तुम्हाला सगळं दिसत होतं. जन्मभर अक्षरं बघितलेलं माणूस तुम्ही, तुम्हाला दिसणार नाही असं होईल का? हात दिसत होता, चहा दिसत होता. तरी आजाराबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. वाईट झालेली कार्डं लपवलीत, ठसा करून आणलात, लोकांना कळू नये म्हणून. मला सांभाळून घेतलंत. दुसरी कुणी असती तर पोराला फोन करून कधीच मोकळी झाली असती."

 पलीकडून श्वास ऐकू येत होता.

"ताई? दिसत होतं ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं. आता ठेवते, हात भरून आला."

संध्याकाळपासून फोनजवळ बसून आहे. ती जे समजून चालली आहे ते सगळं चूक आहे, एकूण एक. मला काही दिसत नव्हतं, मी काही झाकलं नाही, आणि फोन मीच केला होता. हे तिला सांगायला हवं. दोनदा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. समोरच्याचं चुकलेलं दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय मला कधी राहवलं नाही, कुणाचंही असो, कितीही लहान असो. आज राहवलं.